जिवंत कुत्रीचे दात

जैन परंपरेत कृष्णाची एक गोष्ट सांगतात. तीर्थंकर नेमिनाथांच्या दर्शनाला कृष्ण लवाजमा घेऊन निघालेला असतो. तिकडे इंद्राने भर सभेत त्याची वाखाणणी केलेली असते, की हा गृहस्थ कुणातही आधी गुण पाहतो. एका देवाला ते पटत नाही. परीक्षा घ्यायला तो वाटेवर काळ्या कुत्र्याचं मढं होऊन पडतो. सडलेलं, दुर्गंधी सुटलेलं. पुढे गेलेली माणसं नाकाला उपरणं लावून आडवाटेने सटकतात. कृष्ण मात्र थांबतो आणि त्या काळ्या देहातल्या पांढऱ्याशुभ्र दातांचं कौतुक करतो. देव खूश होऊन त्याला एक भेरी देतो. तिचा नाद कानी पडला की माणसांचे रोग शमतात. बाराव्या शतकातल्या निजामीने फारसीत जवळजवळ हीच गोष्ट येशूच्या नावावर सांगितली आहे. मेलेल्या कुत्र्याचे दात असे बरेच फिरून आलेले आहेत.

मला ही गोष्ट सांगितली शेजारच्या बाबूजींनी. रायपूर सोडून खारून नदी ओलांडली की दुर्ग जिल्हा लागतो आणि लगेच आमचं कुम्हारी. इथे कैवल्यधाम हे श्वेतांबर जैन तीर्थ आहे. बाबूजी रोज सकाळी तिथे जाऊन येतात, आणि येताना माझ्या फाटकाशी थांबून कालच्या प्रवचनातलं काहीतरी मला ऐकवतात. मी मराठी. आमचं घराणं नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगडात आलं असं आमचे आजोबा सांगत. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला होते हे खरं, पण आम्ही त्यांच्याबरोबर होतो याला पुरावा आजोबांच्या मिशीपलीकडे नाही. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला आले, मग मी तिथेच लागलो, रेल मिलमध्ये, तपासणीवर. आयुष्यभर मी रुळांतले दोष शोधले. बाबूजींना हे ठाऊक असल्यामुळे गोष्ट संपवून ते म्हणाले, "आप तो दोष ही देखते हो साहब, इसलिए सुनाया."

टोमणा मी गिळला, पण गोष्टीतली पंचाईत काही गिळता येईना. त्या कुत्र्याचे दात मुळात चांगले होते. देवानेच रूप घेतलं, तर दात वाईट कसे असतील? गुण होता, म्हणून दिसला. दातसुद्धा खराब असते तर कृष्णाने काय पाहिलं असतं? शेपूट? हा प्रश्न मी पांडित्य म्हणून विचारत नव्हतो. आमच्या ओसरीवर त्या वेळी भुरी पडलेली होती, आणि भुरीचे दात वाईट होते.

भुरी म्हणजे गल्लीतली तपकिरी कुत्री. वर्षाची असेल-नसेल तेव्हा फाटकात येऊन बसली आणि आमच्या हिने पोळी टाकल्यावर उठलीच नाही. तिचा मागचा डावा पाय सतत टिकटिक उडत असतो, झोपेतसुद्धा. दात दिसायचे ते जांभई दिली की. सुळ्यांच्या मधोमध आडवा तपकिरी पट्टा, त्याच्या वर आणि खाली पांढरं. पट्ट्याच्या जागी दात जरा आत गेलेला, कडा खरबरीत. पुढच्या बारक्या दातांवरही तसेच खड्डे. सगळ्यांना वाटायचं, घाण बसली आहे. आमची ही तर म्हणे, गल्लीत उष्टं-खरकटं खाल्लं, दुसरं काय होणार. पण भुरी गार पाणी पिताना मान तिरकी करून एकाच बाजूने जीभ मारायची, आणि कडक पोळी तोंडात घेऊन पुन्हा खाली ठेवायची. ती पोळी आमच्याकडे कामाला येणारी दीदी पाण्यात बुडवून द्यायची. दीदीचं निदान वेगळं होतं. "पाछू जनम के करनी आय," ती म्हणाली, आणि केर काढायला लागली.

रायपूरला एका पशुवैद्याकडे घेऊन गेलो. जागेपणी कुत्र्याचे दात नीट तपासता येत नाहीत, म्हणून पूर्ण भूल दिली. मला आत उभं राहू दिलं, हे त्या डॉक्टरांचे उपकार. त्यांनी वरचा ओठ अंगठ्याने उचलला आणि बारीक वाकड्या टोकाची सळई सुळ्यावरून हिरडीकडे ओढत नेली. टोकाकडच्या भागावरून ती सरसर घसरली. पट्ट्याशी आली आणि अडकली. खर्र असा अगदी बारीक आवाज झाला. सळईला एनॅमलचा एक पापुद्रा लागून आला, माशाच्या खवल्याएवढा. खाली पिवळट डेंटिन उघडं. माझ्या हातांना ती अडकण्याची जाणीव ओळखीची होती, पण ते पुढे.

कुत्र्याचं एनॅमल माणसाच्या मानाने फार पातळ. जाडीत जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आपलं दोन मिलिमीटरच्या वर जातं. खालच्या डेंटिनमध्ये असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. वरचं कवच गेलं की त्या उघड्या पडतात, गार पाण्याची कळ थेट आत जाते, आणि कधी जंतूही त्याच वाटेने आत शिरतात. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येण्याआधी आपलं काम उरकतात आणि दात आला की नाहीशा होतात. कुत्र्याच्या पक्क्या दातांचं हे काम पिल्लाच्या पहिल्या तीनेक महिन्यांत चालतं. त्या दिवसांत पिल्लाला डिस्टेंपरचा आजार झाला, तर त्याचा विषाणू त्याच पेशींवरही घाला घालतो. पिल्लू वाचलं, तर पेशी पुन्हा कामाला लागतात, पण मधल्या दिवसांचं कवच राहून जातं ते गेलंच. त्या वेळी घडत असलेल्या दातांत ते दिवस पट्ट्यासारखे उमटतात. "आणि हा पाय," डॉक्टर म्हणाले, "हाही त्याच आजाराचा. दोन-अडीच महिन्यांची असताना ही मरता मरता वाचली आहे."

म्हणजे आमच्या फाटकाशी ती यायच्या आधीची हकीगत तिच्या तोंडात होती आणि आम्ही तिला घाण म्हणत होतो.

आता दीदीच्या निदानाकडे येतो, कारण धर्माचा प्रश्न तिथेच आहे. मागल्या जन्मीची करणी हे उत्तर खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते तपासण्याची सळई माझ्याकडे नाही. माझी तक्रार निराळी आहे. डॉक्टरांनी मला तीन शक्यता सांगितल्या होत्या. अनेक दातांवर असा आडवा पट्टा असेल, तर लहानपणीचा ताप किंवा आजार. एकाच दातावर खड्डा असेल, तर दुधाच्या दाताला लागलेला मार किंवा तिथला पू खालच्या कोंबाला भोवला. आणि सगळेच दात सगळीकडून पातळ, खरबरीत असतील, भावंडांचेही तसेच असतील, तर वंशातून आलेला दोष. इटालियन ग्रेहाउंडसारख्या काही जातींत तो असतो, आणि अशा कुत्र्याची पैदास करू नये. चंद्रपूर-यवतमाळकडे माणसांच्या दातांवर पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग पडतात, तसे जनावरांनाही पडू शकतात, म्हणून पाणी कुठलं हेही विचारायचं. शिवाय दगड चघळून किंवा पिंजऱ्याचे गज चावून झिजलेले दात वेगळे. ते झिजलेले असतात, मुळात उणे नसतात. प्रत्येक कारणाला पुढची वाट वेगळी. कर्म मात्र या सगळ्यांना एकच उत्तर देतं. सगळ्या कुलपांना लागणारी किल्ली असली, की कुलूप कोणतं आहे हे पाहायची गरज उरत नाही, आणि माझ्या मते नेमका तिथेच घोटाळा होतो.

हे बाबूजींना ऐकवलं. मला वाटलं होतं ते दुखावतील. ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, तुम्ही लोक कर्म म्हणजे नशीब समजता, म्हणून असं बोलता. आमच्याकडे कर्माचे आठ प्रकार आहेत. शरीर कसं घडेल ते नामकर्म, सुखदुःखाचा भोग ते वेदनीय. भुरीचा दात पहिल्यात येईल, तिची कळ दुसऱ्यात. दोन्हींची खिचडी करू नका. आणि प्रत्येक कर्म भोगूनच संपवावं लागतं असंही नाही. काही निकाचित असतं, म्हणजे पक्कं बांधलेलं, त्याला इलाज नाही. बाकीचं पुरुषार्थाने कमी होतं, बदलतं, वेळेआधी झडतंसुद्धा. शहाणपण एवढंच, की कोणतं कोणतं ते ओळखायचं.

मी जरा गप्पच झालो, कारण भूल उतरायच्या आत त्या डॉक्टरांनी जे केलं होतं ते नेमकं हेच होतं. एनॅमल पुन्हा येणार नाही, ही गोष्ट पक्की. तिच्यावर त्यांनी एक मिनिट घालवलं नाही. मग एक्स-रे काढला. दात जिवंत असेल तर वयाबरोबर आतली पोकळी अरुंद होत जाते. मेला असेल तर ती रुंदच राहते आणि मुळाच्या टोकाशी काळसर वलय दिसतं. भुरीचा पुढचा एक बारका दात असा मेलेला निघाला. तो काढला. बाकीच्यांची मुळं ठीक होती, म्हणून त्यांना उपटण्यात अर्थ नव्हता. सुटे पापुद्रे घासून कडा गुळगुळीत केल्या. मग फॉस्फोरिक आम्लाची जेल, धुणं, वाळवणं, त्यावर पातळ चिकट थर, आणि निळ्या उजेडाने तो कडक करणं. दोन सुळ्यांवर खड्डा खोल होता, तिथे दाताच्या रंगाचं काँपोझिट भरलं. पोलिसांच्या किंवा लष्कराच्या कुत्र्याचा सुळा असता तर धातूची टोपी बसवली असती, भुरीला कुणाला पकडायचं नाही.

मिलमध्ये आम्ही हेच करत होतो. तिथे आता १३० मीटर लांबीचा अखंड रूळ निघतो, आणि त्याच्या पोटातली भेग ध्वनिलहरींनी शोधावी लागते, पृष्ठभागावरची हाताने नि डोळ्यांनी. कुठे सीम, म्हणजे लांबट चीर, कुठे लॅप, म्हणजे लाटताना दुमडलेला पापुद्रा. दोष सापडला की रुळावर खूण करायची. मग कुणाची कड घासून भागतं, कुणाचा तुकडा कापावा लागतो, कुणाला हलक्या कामावर पाठवतात, कुणी भंगारात जातो. पण मी एकाही तपासनिसाला रुळाचा राग करताना पाहिलं नाही. दोष दाखवणं म्हणजे निंदा, हे समीकरण कारखान्याबाहेर आल्यावर मला पहिल्यांदा भेटलं, आणि बहुतेक वेळा ते धार्मिक माणसांकडेच भेटलं.

आमच्या संतांनी तर कुत्र्याचे गुण शोधल्याचं मला आठवत नाही. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्यांना काय दिसलं? पोळी कोरडी आहे, एवढं. एकनाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. गाढवात त्यांनी कुठला गुण पाहिला? घसा कोरडा पडला आहे, हे पाहिलं. या दोन्ही कथांत पाहिलेली गोष्ट म्हणजे उणीव आहे. आणि उणीव पाहायला डोळा फार बारीक लागतो. पोळी कोरडी की तुपाची, हे चोर कुत्र्यामागे धावताना कोण बघतो? गुण पाहून आपण मोठे होतो. उणीव पाहिली की आपल्याला काहीतरी करावं लागतं, वाटी घेऊन पळावं लागतं. कृष्णाने मढ्याच्या दातांचं कौतुक केलं, त्यात त्या कुत्र्याला काय मिळालं?

"वह मरा हुआ था," बाबूजी म्हणाले. "मेलेल्याला काय द्याल? तूप?" मग हळूच पुढे म्हणाले, तुम्ही एक विसरताय. बाकी सगळे नाक धरून निघून गेले. तो थांबला. दात दिसले म्हणून थांबला. तुमच्या मिसेसना भुरीत काहीतरी आवडलं म्हणून पोळी पडली. पोळी पडली म्हणून ती राहिली, राहिली म्हणून जांभई दिसली. आधी दोषच दिसला असता, तर तुम्ही फाटक लावून घेतलं असतं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. एवढंच म्हणतो, की थांबणं आणि पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थांबलेला माणूस पुष्कळदा पाहिल्यासारखा बोलतो. आमच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे. पायाशी चार कुत्री, चार वेद म्हणून सांगतात. इतकी वर्षं त्यांना हळदकुंकू वाहिलं, चौघांची तोंडं उघडी आहेत की मिटलेली, हे घरात कुणालाही सांगता येईना. मी उठून बघून आलो.

बाबूजींनाही एक गोष्ट सलत होती. भूल. मुक्या जिवाला न विचारता बेशुद्ध करायचं, दात उपटायचा, रक्त काढायचं, ही हिंसा नाही का? भूल दिलेला प्राणी कधीकधी दगावतो, हे खरं आहे. डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, हृदय ऐकलं, तरी धोका शून्य होत नाही. भुरीने होकार दिलेला नव्हता. तिने तर टेबलावर चढतानाच चारी पाय ताठ केले होते. मी काही बोलणार तोच बाबूजी स्वतःच उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राकडे वळले. तिथे हिंसेची व्याख्या नुसती प्राण घेणं अशी नाही. प्रमत्त योगाने, म्हणजे बेफिकिरीने किंवा विकाराच्या भरात, प्राणांचा घात होतो ती हिंसा. वैद्याचा चाकू सावध असेल तर तो त्यात धरत नाहीत. बोलता बोलता ते थांबले. मग म्हणाले, "तो फिर उलटा भी हुआ." म्हणजे कळ असलेल्या तोंडाकडे कुणी वर्षभर पाहिलंच नाही, तर हात न लावताही प्रमाद घडला. हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं की स्वतःला, ते मी विचारलं नाही. भुरी त्यांच्याही फाटकाशी जायची.

वेळेवर न पाहण्याची आणखी एक गोष्ट इकडचीच आहे. बालोद जिल्ह्यात खपरी गावात कुकुरदेवाचं मंदिर आहे. फणी नागवंशी राजांच्या काळातलं मानतात. शंकराची पिंड आहे आणि कुत्र्याचीही मूर्ती आहे, लोक कुत्रं चावलं किंवा डांग्या खोकला झाला की नवस बोलायला येतात. कथा अशी, की एका बंजाऱ्याने कर्जापोटी आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्याने माल दाखवून दिला, तेव्हा सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याला मोकळं केलं. बंजाऱ्याला वाटलं हा पळून आला. त्याने काठीने त्याला जागेवर ठार केलं, आणि मग चिठ्ठी दिसली. देऊळ पश्चात्तापातून उभं राहिलं. मी बाबूजींना घेऊन तिथे गेलो होतो. ते बराच वेळ हात जोडून होते. कुत्र्यांसाठी बांधलेली स्मारकं आपल्याकडे कमी नाहीत, रायगडावर वाघ्याचं आहे, त्यावरून भांडणंही आहेत. माझा देवळाला विरोध नाही. पण दगडाच्या कुत्र्याच्या गळ्यात कुणी चिठ्ठी शोधत नाही, ही एक सोय आहे देवळाची.

भुरी आता गार पाणी सरळ मानेने पिते. तिचे दात मी बोटाला कापड गुंडाळून कुत्र्यांच्या पेस्टने रोज घासतो. माणसांची पेस्ट चालत नाही. कुत्रं थुंकत नाही, सगळं गिळतं, आणि काही पेस्टमधलं झायलिटॉल त्याला विषासारखं बाधतं. हाडं बंद, दगड बंद, कडक चेंडू बंद. भरलेलं काँपोझिट कायमचं नाही, कधीतरी झिजेल, तुकडा उडेल. ठरलेल्या मुदतीने पुन्हा एक्स-रे काढून मुळं पाहायची आहेत. कृष्णाच्या त्या भेरीचंही पुढे तसंच झालं म्हणे. राखणदाराने लाच घेऊन तिचे चंदनाचे तुकडे काढून विकले आणि त्या जागी साध्या लाकडाची ठिगळं लावली, मग ती वाजली तरी रोग हटेनात. हा उत्तरार्ध मी बाबूजींकडून मुद्दाम काढून घेतला. ते तो भाग सांगायला फारसे उत्सुक नव्हते.

मागल्या गल्लीत आता एका कुत्रीला पिल्लं झाली आहेत. डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या पिल्लाला द्यायची, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने चौथा महिना पुरा होईतो पुन्हा. पट्टा पडायचा असतो तो याच दिवसांत. दीदीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग यांच्या करणीचं काय? मी म्हटलं, बाबूजींना विचार. बाबूजींनी तिला काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी ती पिल्लांना गोणपाटात घालून फाटकाशी हजर होती. लशीचे पैसे बाबूजींनी दिले आणि गाडी मी काढली. त्यातल्या काळ्या पिल्लाने त्यांचं बोट पकडलं आणि सोडेना. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, त्याचा ओठ उचलून आत डोकावले, आणि मला म्हणाले, "दूध के हैं अभी. अच्छे हैं."

"हे पडतील," मी म्हटलं. "खालचे कसे येतात ते बघायचंय."